ब्रोमाइड कागदावरचा प्रिंट डेव्हलपरमध्ये नेमका किती वेळ ठेवावा?

अंधारखोली, नागपूर

नमस्कार मंडळी. घरातल्या एका लहान खोलीत मी एन्लार्जर (निगेटिव्हचे चित्र कागदावर मोठे पाडणारे यंत्र) मांडला असून कृष्णधवल प्रिंट स्वतः काढते. फिल्म धुण्याच्या वेळा प्रत्येक फिल्म आणि प्रत्येक डेव्हलपरसाठी (चित्र उमटवणाऱ्या द्रावणासाठी) कोष्टकांत दिलेल्या असतात आणि त्या काटेकोर पाळाव्यात याबद्दल कोणाचेच दुमत नसते; कागदाच्या बाबतीत मात्र मला दोन परस्परविरोधी सल्ले मिळाले आहेत. पाकिटातले पत्रक आरसी, म्हणजे प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या, कागदासाठी एक मिनिट सांगते. ज्यांच्याकडे मी हे काम पाहिले ते म्हणतात की घड्याळ बघू नये, लाल दिव्याखाली चित्र मनासारखे उतरले की प्रिंट उचलावा आणि स्टॉप बाथमध्ये, म्हणजे क्रिया थांबवणाऱ्या आम्लाच्या द्रावणात, सोडावा.

माझ्याकडे इलफर्ड मल्टिग्रेडचा आरसी कागद आहे, थोडा फायबर कागदही (अस्तर नसलेला) आहे. डेव्हलपर म्हणून घरी तयार केलेला डी-७२ मी एक भागाला दोन भाग पाणी या प्रमाणात वापरते. सध्या एप्रिल चालू आहे आणि रात्री दहा वाजतासुद्धा ट्रेमधल्या द्रावणाचे तापमान ३० अंशांच्या आसपास असते. एवढ्या उष्णतेत चित्र सात-आठ सेकंदांतच दिसू लागते आणि अर्ध्या मिनिटात ते इतके गडद भासते की हात आपोआप चिमट्याकडे जातो. तेव्हा उचललेला प्रिंट पांढऱ्या उजेडात पाहिला, तर काळे भाग राखाडीच राहिलेले असतात आणि आकाशासारख्या सपाट छटांमध्ये डागाळलेला असमानपणा दिसतो.

म्हणून विचारते: वेळ किती धरावी, ती कमी-जास्त करून गडदपणा आणि कॉन्ट्रास्ट सुधारता येतात का, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात तिचे गणित कसे बसवावे?

रसायनी, रत्नागिरी

फिल्म आणि कागद यांच्यातला फरक लक्षात घेतला की दोन सल्ल्यांपैकी कोणता धरायचा हे ठरवणे सोपे जाईल.

फिल्म आपण अर्ध्यावर थांबवतो. तिचा थर तसा जाड असतो आणि डेव्हलपरमध्ये ती जितका जास्त वेळ राहील तितका तिचा कॉन्ट्रास्ट वाढत जातो. म्हणून तिथे वेळ हेच कॉन्ट्रास्टचे नियंत्रण असते. कागदावरचा थर पातळ असतो, त्यातले चांदीचे क्षार बारीक असतात आणि त्यांत ब्रोमाइडच्या जोडीला बहुधा क्लोराइडही असते, जे झपाट्याने डेव्हलप होते. त्यामुळे कागदावरची क्रिया थोड्याच वेळात जवळजवळ पूर्णत्वाला पोचते. सुरुवातीला सावल्या उमटतात, मग मधल्या छटा भरतात, काळा रंग खोल होत जातो आणि कॉन्ट्रास्टही वाढतो. एका टप्प्यानंतर मात्र कॉन्ट्रास्ट वाढायचा थांबतो. त्यापुढे प्रिंट ठेवला, तर सगळे चित्र किंचित गडदपणाकडे सरकते, म्हणजे प्रकाश थोडा जास्त दिल्यासारखा परिणाम होतो. आणि आणखी पुष्कळ वेळ ठेवला, तर प्रकाश न लागलेले कणसुद्धा डेव्हलप होऊ लागून पांढऱ्या भागांवर धुरकटपणा चढतो. भात शिजण्याला जसा किमान वेळ लागतोच आणि त्यानंतर तो थोडा अधिक राहिला तरी बिघडत नाही, तशीच ही गोष्ट आहे.

म्हणजे कागदासाठी एक किमान मर्यादा आहे, जिच्याखाली जाऊ नये, आणि एक कमाल मर्यादा आहे, जी बरीच लांब असते. २० अंश तापमानाला इलफर्डचा मल्टिग्रेड डेव्हलपर एकास नऊ प्रमाणात असेल, तर आरसी कागदाला एक मिनिट आणि फायबर कागदाला दोन मिनिटे. एकास चौदा प्रमाणात असेल, तर दीड मिनिट आणि तीन मिनिटे. तुमचा डी-७२ एकास दोन प्रमाणात आरसी कागदाला एक ते दीड मिनिट आणि फायबरला दीड ते तीन मिनिटे धरावा. फायबर कागदाचा पाया द्रावण शोषून घेतो आणि त्याला भिजायला वेळ लागतो. आरसी कागदाला दोन्ही बाजूंनी पॉलिएथिलीनचे अस्तर असल्याने द्रावणाचे काम केवळ वरच्या थरापुरते असते.

अर्ध्या मिनिटाला उचललेल्या प्रिंटमध्ये तुम्हाला जे दोष दिसतात ते नेमके अपुऱ्या डेव्हलपमेंटचे आहेत. चकचकीत कागदावरचा खरा काळा रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा शंभरावा हिस्सा किंवा त्याहून कमी परत पाठवतो. तिथवर पोचायला लागणारी चांदी तयार होण्याआधीच प्रिंट उचलला, तर काळा राखाडीच राहणार. डागाळलेपणाचे कारणही तेच: द्रावण सगळीकडे एकाच क्षणी पोचत नाही, आणि क्रिया वेगात असताना मध्येच तोडली की हा क्षणांचा फरक छटांच्या फरकाच्या रूपाने कायमचा उमटतो. क्रिया पूर्णत्वाजवळ गेली की मागे राहिलेले भाग पुढच्या भागांना गाठतात आणि छटा एकसारखी होते.

माझे उत्तर त्यामुळे स्पष्ट आहे. वेळ ठरवून घ्यावी आणि ती प्रत्येक प्रिंटला तशीच ठेवावी. प्रिंट गडद आला, तर एन्लार्जरखालचा प्रकाश कमी करावा. कॉन्ट्रास्ट कमी वाटला, तर मल्टिग्रेड कागदाचा कॉन्ट्रास्ट ठरवणारा एन्लार्जरचा फिल्टर बदलावा. ट्रेमधल्या वेळेकडून ही दोन्ही कामे करून घेऊ नयेत.

स्टुडिओ_मिरज

रसायनी यांनी शास्त्र नीट मांडले आहे, पण ज्यांनी आयुष्यभर स्टुडिओत प्रिंट काढले त्यांची बाजूही इथे यायला हवी, कारण डोळ्यांनी पाहून प्रिंट उचलणे म्हणजे निष्काळजीपणा अशी नव्या मंडळींची समजूत होऊ नये असे मला मनापासून वाटते.

आमच्या वेळी ग्रेडचे, म्हणजे ठरावीक कॉन्ट्रास्टचे, कागद होते. सॉफ्ट, नॉर्मल आणि हार्ड. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यातला इंदू कागद सर्रास वापरात होता, आणि जी ग्रेड त्या दिवशी बाजारात मिळेल तिच्यावर काम भागवावे लागे. फिल्टर बदलून अर्धी ग्रेड इकडे-तिकडे करण्याची सोय नव्हती. लग्नाच्या एका रोलमध्ये मांडवातले, उन्हातले आणि फ्लॅशचे असे तिन्ही प्रकारचे निगेटिव्ह असत आणि प्रत्येकासाठी टेस्ट स्ट्रिप (प्रकाश ठरवण्यासाठीची चाचणी-पट्टी) काढणे परवडण्यासारखे नव्हते. अशा वेळी प्रकाश किंचित जास्त देऊन प्रिंट थोडा आधी उचलला, की तो जरा मवाळ येई. प्रकाश किंचित कमी देऊन पूर्ण वेळ ठेवला, की तो जरा कडक येई. हा फरक लहान होता, पण खरा होता आणि गिऱ्हाइकाच्या अल्बममध्ये तो दिसत असे.

शिवाय ट्रेमध्ये एवढेच होत नसे. नवरीच्या कपाळाचा किंवा शालूचा तपशील उतरत नसेल, तर प्रिंट द्रावणाबाहेर धरून त्या जागेवर बोटांच्या टोकांनी हळूहळू चोळले जाई, तोंडाची वाफ दिली जाई किंवा कापसाच्या बोळ्याने कोमट, घट्ट डेव्हलपर लावला जाई. उष्णतेने त्या जागेपुरती क्रिया पुढे जात असे. ही कला वेळ मोजून येत नाही. मात्र एक सूचना करतो: डेव्हलपरमधल्या मेटॉल या रसायनाने अनेकांच्या हातांना खाज सुटते, कातडी फुटते आणि एकदा हा त्रास जडला की पुढे थोड्याशा संपर्कानेही तो उसळतो. ज्यांना हात बुडवायचे आहेत त्यांनी हातमोजे घालावेत. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी मेटॉलऐवजी फेनिडोन या रसायनावर आधारलेला डेव्हलपर घ्यावा, त्याने असा त्रास होण्याचा संभव कमी असतो.

रसायनी, रत्नागिरी

काका, आपल्या अनुभवाचा मी आदरच करतो आणि आपण सांगितलेला फरक मलाही मान्य आहे. फायबर कागदावर दीड मिनिट आणि तीन मिनिटे यांत किंचित अंतर पडते, आणि ग्रेडच्या कागदावर काम करणाऱ्याला ते उपयोगी पडते. पण हे अंतर किमान मर्यादेच्या वरचे आहे. आपण "थोडा आधी" म्हणता तेव्हा पूर्ण काळा रंग आलेला असतो, एवढे आपल्या हाताला सवयीने ठाऊक असते. नव्याने शिकणाऱ्याच्या हाताला ते ठाऊक नसते, आणि तिथेच सेफलाइट, म्हणजे अंधारखोलीतला लाल किंवा अंबर दिवा, त्याला फसवतो.

सेफलाइटचा उजेड अतिशय मंद असतो. त्या उजेडात प्रिंट प्रत्यक्षात असतो त्यापेक्षा गडद दिसतो, कारण सावल्यांमधले बारकावे डोळ्यांना वेगळे ओळखताच येत नाहीत आणि सगळ्या गडद छटा एकच काळ्या भासतात. लाल उजेडात हा परिणाम अंबर उजेडापेक्षा अधिक तीव्र असतो. म्हणून डोळ्यांवर विसंबून उचललेला प्रिंट हमखास लवकर उचलला जातो आणि पांढऱ्या दिव्याखाली फिका व मळकट ठरतो. ओला आणि सुका प्रिंट यांतही फरक असतोच. फायबर कागद वाळल्यावर उजळ छटा दबतात आणि चित्र जरासे गडद होते. ट्रेमध्ये दिसणारे चित्र त्यामुळे दोन बाजूंनी अविश्वसनीय असते आणि अंतिम निवाडा वाळलेल्या प्रिंटवरच करावा लागतो. प्रिंट ठरलेली वेळ राहिला असेल, तरच त्या निवाड्याचा पुढच्या प्रिंटला उपयोग होतो. वेळही बदललेली आणि प्रकाशही बदललेला असेल, तर कोणत्या बदलाने काय झाले हे कळायला मार्गच उरत नाही.

चेशायरचा_पाऊस

मी इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यात राहतो. इलफर्डचे कागद जिथे तयार होतात ते मॉबर्ली गाव इथून जवळ आहे, पण त्याने माझ्या गॅरेजमधली थंडी कमी होत नाही. नागपूरच्या ताईंची अडचण माझ्याकडे उलटी आहे: जानेवारीत ट्रेमधले द्रावण पाहता पाहता १२-१३ अंशांपर्यंत उतरते. तापमान धरून ठेवता येत नसेल, तेव्हा एक जुनी पद्धत फार उपयोगी पडते आणि तिची चर्चा या धाग्यावर व्हायला हवी.

इथून दक्षिणेला हेरेफर्ड येथे राहणाऱ्या आल्फ्रेड वॉटकिन्स यांनी १८९० च्या दशकात काचेच्या प्लेटसाठी ती मांडली. द्रावण गरम असो वा थंड, ताजे असो वा थोडे वापरलेले, चित्र पहिल्यांदा उमटायला लागणारा वेळ आणि पूर्ण डेव्हलपमेंटला लागणारा वेळ यांचे गुणोत्तर त्या डेव्हलपरपुरते जवळपास कायम राहते, असे त्यांचे निरीक्षण होते. कागदावर प्रिंट काढणाऱ्यांनीही ही पद्धत उचलली. अमेरिकेतले ॲन्सेल ॲडम्स तिचा आग्रहाने पुरस्कार करत.

रीत अशी. द्रावण ताजे आणि २० अंशांवर असताना फायबर कागदाचा एक चांगला प्रिंट पूर्ण दोन मिनिटे डेव्हलप करावा आणि त्यातला एखादा ठरावीक मध्यम-गडद भाग कधी उमटू लागतो ते पाहावे. समजा तो २० सेकंदांनी उमटला, तर १२० भागिले २०, म्हणजे गुणक ६. पुढे द्रावण तापून तोच भाग १४ सेकंदांनी उमटला, तर एकूण वेळ ८४ सेकंद. द्रावण थकून तो २५ सेकंदांनी उमटला, तर १५० सेकंद. निरीक्षणासाठी नेहमी त्याच प्रकारची छटा निवडावी, कारण अगदी काळा भाग लवकर उमटतो आणि उजळ भाग उशिरा. एका निगेटिव्हसाठी काढलेला गुणक दुसऱ्या निगेटिव्हवर वापरताना ही काळजी विशेष घ्यावी लागते.

थंडीत मात्र या पद्धतीला मर्यादा पडते आणि ती मेटॉल आणि हायड्रोक्विनोन या दोन रसायनांच्या डेव्हलपरच्या घडणीतून येते. मेटॉल थंडीतही बऱ्यापैकी काम करत राहते. हायड्रोक्विनोन १२-१३ अंशांच्या खाली जवळजवळ निपचित पडते. चित्र उमटवण्याचे काम मुख्यतः मेटॉल करते आणि काळा रंग भरण्याचे काम दोघे मिळून करतात, त्यामुळे चित्र फारसे उशिरा न उमटताही पुढे काळा रंग भरतच नाही आणि गुणक खोटा ठरतो. मी हिवाळ्यात ट्रेखाली उबदार पाण्याची दुसरी ट्रे ठेवतो आणि १८ अंशांच्या खाली कागद टाकतच नाही.

अंधारखोली, नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. गुणकाची पद्धत मला एकदम पटली, कारण माझ्याकडे तापमान एका संध्याकाळीही स्थिर राहत नाही. एक शंका उरते. माझ्या आरसी कागदावर चित्र सात सेकंदांतच दिसू लागते. एवढ्या लहान आकड्याला गुणायचे, तर निरीक्षणात एका सेकंदाचा फरक पडला तरी एकूण वेळेत सहा-सात सेकंदांचा फरक पडेल. ही अडचण कशी सोडवावी?

चेशायरचा_पाऊस

आपली शंका अगदी योग्य आहे, आणि गुणकाची पद्धत मुळात फायबर कागदावरच अधिक भरवशाची आहे. काही आरसी कागदांच्या थरातच डेव्हलपर घातलेला असतो. असे कागद अल्कलीचा स्पर्श होताच काही सेकंदांत उमटतात आणि तिथे गुणकाला अर्थ राहत नाही. आरसीसाठी आपण वेळ ठरवून घ्यावी आणि द्रावणाचा वेगच कमी करावा. ते कसे करावे हे भारतातली मंडळी माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

स्टुडिओ_मिरज

उन्हाळ्याचे काम मी सांगतो, कारण मिरजेतही वैशाखात ट्रेमधले पाणी काही कमी तापत नाही.

पहिली गोष्ट, द्रावण पातळ करावे. एकास दोनऐवजी एकास तीन, फारच उष्मा असेल तर एकास चार. चित्र उमटायला वेळ लागू लागतो आणि हाताला उसंत मिळते. पातळ द्रावण लवकर थकते, म्हणून ते थोडे-थोडे करावे आणि काही प्रिंटनंतर ओतून द्यावे; सकाळी केलेले द्रावण संध्याकाळपर्यंत ओढू नये. गरम हवेत डेव्हलपर हवेतल्या प्राणवायूने फार लवकर खराब होतो, चहासारखा रंग चढला की त्याच्यातला दम गेला असे समजावे. डेव्हलपर साठवण्याची बाटली काठोकाठ भरलेली असावी.

दुसरी गोष्ट, ट्रे एका मोठ्या परातीत ठेवून परातीत गार पाणी घालावे आणि तोंड घट्ट बांधलेल्या पिशवीत बर्फ घालून ती त्या पाण्यात सोडावी. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये कधीही टाकू नये, कारण तो वितळत जातो तसे द्रावणाचे प्रमाण बदलत जाते आणि कोणत्याही वेळेचा हिशेब लागत नाही. द्रावण २० अंशांवर आणण्याचा हट्ट धरू नये. २४-२५ अंशांवर ते तासभर स्थिर राहिले तरी पुष्कळ झाले. स्थिर २५ अंश हे अस्थिर २० अंशांपेक्षा कितीतरी चांगले.

तिसरी गोष्ट स्टॉप बाथची. डी-७२ मध्ये सोडियम कार्बोनेट भरपूर असते आणि ते तीव्र आम्लात गेले की कार्बन डाय-ऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. थंडीत हे खपून जाते. उन्हाळ्यात फुगून मऊ झालेल्या थरात, विशेषतः फायबर कागदात, तेच बुडबुडे फोड आणतात. ॲसिटिक आम्लाचे प्रमाण एक-दीड टक्क्याच्या वर नेऊ नये आणि ट्रेमधून ट्रेमध्ये जाताना तापमानात मोठी उडी पडू देऊ नये.

रसायनी म्हणतात ते किमान वेळेचे सूत्र मला मान्य आहे, फक्त तो किमान वेळ कागदागणिक आणि डेव्हलपरागणिक आपापल्या खोलीत ठरवावा लागतो. पाकिटावरचा आकडा ही सुरुवात असते.

छायाघन, पुणे

चर्चा ज्या सूत्राकडे चालली आहे त्याला दोन अपवाद आहेत आणि ते दोन्ही मी नेहमी वापरतो, म्हणून नोंदवतो.

जुना कागद हा पहिला अपवाद. बंद पडलेल्या स्टुडिओंतून इंदू किंवा आग्फाच्या कागदाची पाकिटे अजूनही कधीकधी हाती लागतात. एवढ्या वर्षांत, त्यातही आपल्याकडच्या उष्ण हवेत, कागदावर धुरकटपणा आलेला असतो आणि तो डेव्हलपरमधल्या प्रत्येक सेकंदागणिक वाढतो. अशा कागदाला पूर्ण वेळ दिली, तर पांढरा भाग राखाडी होतो. इथे प्रकाश वाढवून वेळ जाणूनबुजून कमी करावी लागते आणि डेव्हलपरमध्ये बेन्झोट्रायझोलच्या द्रावणाचे थोडे प्रमाण घालावे लागते. बेन्झोट्रायझोल धुरकटपणा रोखते, पण चित्र उमटण्याचा वेळही लांबवते, त्यामुळे ते घातल्यावर आधीच्या वेळा निरुपयोगी होतात आणि चाचणी नव्याने घ्यावी लागते. डी-७२ मध्ये आधीपासून असलेले पोटॅशियम ब्रोमाइडही हेच काम करते. दर लिटरला २ ग्रॅम हे मूळ प्रमाण ताज्या कागदासाठी पुरते, जुन्यासाठी नाही.

दुसरा अपवाद लिथ प्रिंटचा. त्यात कागदाला नेहमीपेक्षा दोन-तीन स्टॉप जास्त प्रकाश देतात (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आणि अतिशय पातळ केलेल्या लिथ डेव्हलपरमध्ये तो अनेक मिनिटे ठेवतात. या डेव्हलपरमध्ये केवळ हायड्रोक्विनोन असते आणि सल्फाइट अगदी कमी असते, त्यामुळे क्रियेतून निघणारे पदार्थच शेजारच्या कणांची क्रिया भडकवतात. सावल्यांमध्ये काळा रंग आधी हळू आणि मग एकदम पसरू लागतो, आणि तो हवा तिथवर पोचला की त्याच क्षणी प्रिंट उचलून स्टॉप बाथमध्ये बुडवावा लागतो. इथे घड्याळ कामाचे नाही, कारण प्रत्येक प्रिंटने द्रावण बदलते. डोळा आणि तत्परता यांवरच सगळे अवलंबून असते. ज्यांना डोळ्यांनी पाहून प्रिंट उचलण्याचा आनंद हवा आहे त्यांनी लिथ अवश्य करून पाहावे. नेहमीच्या प्रिंटवर मात्र ती सवय लादू नये, याबाबत मी रसायनी यांच्याशी पूर्ण सहमत आहे.

रसायनी, रत्नागिरी

काकांनी सांगितल्याप्रमाणे किमान वेळ आपापल्या खोलीत ठरवायची, तर त्यासाठी एक चाचणी देतो. एकाच कागदाच्या पट्ट्या कापाव्यात. एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह न घालता प्रत्येक पट्टीला पायऱ्या-पायऱ्यांनी वाढता प्रकाश द्यावा, आणि तो सर्व पट्ट्यांना अगदी सारखा असावा. पट्टीचे एक टोक झाकून कोरे ठेवावे. आता या पट्ट्या एकाच द्रावणात, एकाच तापमानाला वेगवेगळ्या वेळा डेव्हलप कराव्यात: ३०, ४५, ६०, ९०, १२०, १८० आणि २४० सेकंद. एक कोरी पट्टी डेव्हलपरमध्ये न घालता थेट हायपोत (चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात) टाकावी, म्हणजे कागदाचा मूळ पांढरा रंग तुलनेला मिळेल. सगळ्या धुऊन, पूर्ण वाळवून दिवसाच्या उजेडात ओळीने मांडाव्यात.

सर्वांत गडद पायरीकडे पाहत जावे. ज्या पट्टीनंतर ती आणखी काळी होत नाही, ती आपली किमान वेळ. मग कोऱ्या टोकांकडे पाहत जावे आणि ज्या पट्टीवर ते हायपोतल्या पट्टीपेक्षा मळके दिसू लागते, त्याच्या आतली वेळ कमाल मानावी. या दोहोंच्या मधली, किमान वेळेपेक्षा थोडी जास्त अशी वेळ कायमची स्वीकारावी. कोरे टोक सर्वच पट्ट्यांवर मळके दिसले, तर दोष वेळेचा नसून सेफलाइटचा किंवा कागदाच्या वयाचा असण्याचा संभव अधिक. वेळ लांबवणाऱ्याने सेफलाइट खरोखर सुरक्षित आहे का हे तपासलेच पाहिजे, कारण तीन-चार मिनिटे उघड्या ट्रेमध्ये राहणारा कागद त्या उजेडातही तेवढा वेळ राहतो.

मधल्या पायऱ्यांकडेही लक्ष द्यावे. किमान वेळेच्या आधीच्या पट्ट्यांवर पायऱ्यांमधले अंतर लहान दिसेल, म्हणजे कॉन्ट्रास्ट अजून भरलेला नाही. त्यानंतरच्या पट्ट्यांवर अंतर तेच राहून सगळ्या पायऱ्या मिळून किंचित गडद झालेल्या दिसतील. वर मी जे लिहिले ते डोळ्यांनी पाहण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

अंधारखोली, नागपूर

काकांनी सांगितल्याप्रमाणे परात आणि बर्फाची पिशवी वापरून द्रावण २५ अंशांवर आणले, डी-७२ एकास तीन केला आणि आरसी कागदाच्या पट्ट्या काढल्या. गडद पायरी ४५ सेकंदांपर्यंत वाढत गेली, ६० सेकंदांना थोडी आणखी खोल झाली आणि त्यानंतर ९०, १२० किंवा १८० यांत मला काहीच फरक सापडला नाही. कोरे टोक १८० पर्यंत स्वच्छ होते. २४० सेकंदांच्या पट्टीवर फार जवळून पाहिल्यावर किंचित छटा जाणवली. म्हणून मी आरसीसाठी ७५ सेकंद ही वेळ स्वीकारली आहे.

त्यानंतर एका जुन्या निगेटिव्हचा प्रिंट ७५ सेकंद ठेवून काढला. अपेक्षेप्रमाणे तो फार गडद आला, कारण त्याचा प्रकाश मी अर्ध्या मिनिटाच्या हिशेबाने ठरवलेला होता. प्रकाश कमी करून तोच प्रिंट पुन्हा काढला, तेव्हा विहिरीच्या तोंडाचा काळा रंग पहिल्यांदाच खरा काळा आला आणि वरचे आकाश एकसारखे उतरले. कॉन्ट्रास्ट इतका वाढला की आधी साडेतीन क्रमांकाचा फिल्टर लावावा लागत होता, तिथे आता अडीच पुरतो.

फायबर कागदासाठी ही चाचणी मी स्वतंत्र घेईन आणि तिथे गुणकाची पद्धतही वापरून पाहीन. एक बारीक प्रश्न राहतो: प्रिंट उचलून ट्रेवर निथळत धरायचा वेळ या ७५ सेकंदांत धरावा की वेगळा?

स्टुडिओ_मिरज

त्यातच धरावा. कागदाच्या थरात द्रावण असेपर्यंत क्रिया चालूच असते, मग तो ट्रेमध्ये असो वा हातात. ७५ सेकंदांचे काम असेल, तर ६५ व्या सेकंदाला एक कोपरा धरून प्रिंट उचलावा, दहा सेकंद निथळू द्यावा आणि ७५ व्या सेकंदाला तो स्टॉप बाथमध्ये गेलेला असावा. निथळण्यात कसूर केली, तर डेव्हलपर स्टॉप बाथमध्ये जाऊन तो लवकर निकामी होतो.

सुरुवातीचेही तसेच आहे. वेळ मोजायला प्रिंट द्रावणाखाली गेल्या क्षणापासून सुरुवात करावी, आणि तो एका झटक्यात, न थबकता सरकवावा. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत ट्रेचा आधी एक कोपरा, मग शेजारची बाजू असे आळीपाळीने उचलत राहावे, म्हणजे लाट एकाच दिशेने जात नाही. पुढेही हलवणे थांबवू नये. हलवण्याची गती प्रत्येक प्रिंटला वेगळी असेल, तर ७५ सेकंदही प्रत्येक वेळी वेगळे काम करतात. फायबर कागद सुरुवातीला वळतो, तेव्हा चिमट्याच्या टोकाने त्याच्या कडा हलकेच खाली दाबाव्यात. चित्रावर चिमटा टेकवला, तर तिथे काळी रेघ उमटते आणि ती निघत नाही.